पाच हजारांची जर्सी

युरोपातल्या एखाद्या नामवंत फुटबॉल क्लबची अधिकृत जर्सी भारतात घ्यायची तर आज पाच हजार रुपयांच्या आसपास मोजावे लागतात. ही झाली चाहत्यांसाठीची प्रत. खेळाडू मैदानात घालतात अगदी तशीच हवी असेल तर आणखी काही हजार, आणि पाठीवर लाडक्या खेळाडूचे नाव व क्रमांक छापून घ्यायचा तर त्याचे वेगळे. मुलांच्या मापाची थोडी स्वस्त मिळते. पण बारा-तेरा वर्षांचे पोर मुलांच्या मापात राहते तरी किती दिवस?

हा आकडा नुसता ऐकून उपयोग नाही, तो कोणाच्या तरी पगारावर ठेवून पाहायला हवा. वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाच्या हाती महिन्याला पंधरा हजार रुपये पडतात असे धरू. सव्वीस दिवसांनी भागले तर रोजचे पावणेसहाशे. म्हणजे मुलाच्या एका जर्सीसाठी बापाची जवळजवळ नऊ दिवसांची मजुरी. इंग्लंडमध्ये हीच जर्सी ८५ पौंडांच्या घरात मिळते, आणि एप्रिल २०२५पासूनच्या वर्षात तिथले किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होते. तिथल्या सर्वांत कमी पगाराच्या कामगाराची ही सात तासांची कमाई. एक दिवस आणि नऊ दिवस, एवढा हा फरक. गंमत अशी की जर्सी महाग झाली म्हणून गेली कित्येक वर्षे आरडाओरडा चालला आहे तो एका दिवसाच्या मजुरीत ती घेणाऱ्यांचा. नऊ दिवसवाल्यांचा आवाज त्या हिशेबात कुठे धरलेलाच नाही.

मुळात मुलांनी क्लबची जर्सी विकत घ्यावी ही कल्पना तशी अलीकडची. पूर्वी इंग्लंडातल्या मुलाला लाल रंगाचा साधा सदरा कोणत्याही दुकानात मिळे, आईने त्यावर बिल्ला शिवला की काम झाले. मुलांसाठीचे तयार संच मिळत असत, पण लाल सदरा हा लाल सदराच होता, त्यावर मालकी कोण सांगणार? हे चित्र बदलले ते १९७०च्या दशकात. लेस्टर शहरातल्या ॲडमिरल नावाच्या कपडे कंपनीने १९७३ साली लीड्स युनायटेडशी आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाशी करार केला. बाह्यांवर पट्टे, छातीवर कंपनीची खूण, अशी खास नक्षी तयार केली. नक्षी खास झाली की तिच्यावर हक्क सांगता येतो, आणि हक्क सांगता आला की साधा लाल सदरा आपोआप ‘खोटा’ ठरतो. आजच्या पाच हजारांचे बीज तिथे पडले. कापडाची नव्हे, खुणेची किंमत द्यायची सवय लोकांना लागली.

त्या सवयीचा फायदा कसा उठवला गेला याचा एक पुरावा सरकारी कागदांतच सापडतो. २००० आणि २००१ या वर्षांत ब्रिटनमधल्या काही मोठ्या दुकानदारांनी, उत्पादक अंब्रो कंपनीने आणि मँचेस्टर युनायटेडनेही जर्सींची किंमत संगनमताने चढी ठेवली, मोठ्यांची जर्सी ३९.९९ पौंडांच्या खाली कोणी विकायची नाही अशी व्यवस्था केली, असा निष्कर्ष तिथल्या व्यापार नियामकाने काढला. २००३ साली दहा आस्थापनांना मिळून १.८६ कोटी पौंडांचा दंड झाला. अपिलात तो थोडा कमी झाला. बाजार मागणी-पुरवठ्यावर चालतो असे सांगणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

मग हे पैसे जातात कुठे? शिवण्याचा आणि कापडाचा खर्च छापील किमतीच्या साधारण दशांशाच्या आसपास भरतो असे या धंद्याचे अभ्यासक मांडत आले आहेत. शिलाई होते थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम अशा देशांत. उरलेल्या रकमेत वाहतूक, जाहिरात, दुकानदाराचा वाटा, कर आणि कंपनीचा नफा येतो. क्लबला प्रत्येक जर्सीमागे मिळणारा हिस्सा बहुधा दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात असतो. म्हणूनच ‘अमुक खेळाडू घेतला, त्याच्या जर्सी विकून पैसे वसूल झाले’ ही चौकाचौकांत ऐकू येणारी गोष्ट निव्वळ दंतकथा आहे. क्लबचा खरा लाभ आगाऊ ठरलेल्या रकमेत असतो. मँचेस्टर युनायटेड आणि आदिदास यांचा २०१५च्या मोसमापासूनचा दहा वर्षांचा करार ७५ कोटी पौंडांचा होता. २०२३ साली तो वाढवला तेव्हा किमान रक्कम ९० कोटी पौंड ठरली. एवढे पैसे मोजलेली कंपनी ते परत कुठून मिळवणार? दरवर्षी नवी जर्सी काढून. आणि तीही एक नाही: घरच्या मैदानावरची, परक्या मैदानावरची, शिवाय तिसरी.

दरवर्षीच्या बदलाला अटकाव करता येतो. लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबने २०२१-२२च्या मोसमातली घरची जर्सी पुढच्या मोसमातही तशीच ठेवली, आणि चाहत्यांच्या खिशाचे कारण उघडपणे सांगितले. क्लब लहान आहे. मोठ्यांपैकी कोणी त्याचा कित्ता गिरवायला धावले नाही.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या कपड्यांवर मूल्यवर्धित कर शून्य आहे. आपला कर वय पाहत नाही, किंमत पाहतो. २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. पूर्वी हजाराच्या वर १२ टक्के होता. म्हणजे ४,९९९ रुपयांच्या जर्सीत साडेसातशेहून अधिक रुपये कराचेच. पाच हजारांचा कपडा ही चैन, असे सरकारचे गणित. लग्नातल्या शालूच्या बाबतीत ते एकवेळ पटते. आठवीतल्या मुलाच्या जर्सीच्या बाबतीत मात्र पटत नाही.

आता छत्रपती संभाजीनगरच्या बाजूने पाहू. आमखास मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळला गेला आहे. गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल आहे आणि अलीकडे शहरभर तासाच्या भाड्याने मिळणारी हिरवी टर्फही झाली आहेत. खेळणारी मुले आहेत, पण जिच्या सामन्याला जाऊन ओरडावे अशी मोठ्या लीगमधली टीम जवळपास नाही. सर्वांत जवळची होती ती पुण्याची. २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर सुरू झालेला एफसी पुणे सिटी २०१९मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. ज्यांनी हौसेने ती जर्सी घेतली होती त्यांच्याकडे क्लबच नसलेली जर्सी उरली. तेव्हापासून आपल्या मुलांचे क्लब माद्रिद, बार्सिलोना, मँचेस्टर आणि लिव्हरपूल. चॅम्पियन्स लीगचे सामने आपल्याकडे रात्री साडेबाराला नाहीतर दीडला सुरू होतात, घरातले झोपल्यावर, मोबाइलचा आवाज बंद करून पाहायचे.

लिव्हरपूलच्या मुलाला क्लबशी नाते सांगायला दहा वाटा आहेत. तो स्टेडियमवर जातो, त्याचे आजोबा जात होते, सरावाला जाणारा खेळाडू त्याला रस्त्यात दिसू शकतो. सिडको एन-६ मधल्या किंवा किराडपुऱ्यातल्या मुलाकडे तिकीट नाही, आजोबांची आठवण नाही, स्टेडियम नाही. आपण त्या क्लबचे आहोत हे जगाला दाखवायला त्याच्याकडे एकच वस्तू आहे, ती जर्सी. म्हणून तिची किंमत त्याला जास्त टोचते.

त्यातून आपली मुले क्लबपेक्षा खेळाडूच्या मागे जातात, हा तर खर्चाचा दुसरा दरवाजा. रोनाल्डो २०१८च्या उन्हाळ्यापर्यंत रेआल माद्रिदमध्ये होता. मग युव्हेंटस, २०२१मध्ये मँचेस्टर युनायटेड आणि २०२३ उजाडता उजाडता सौदी अरेबियाचा अल नस्र. पाच वर्षांच्या आत चार क्लब! मेस्सी २०२१मध्ये बार्सिलोनाहून पॅरिसला गेला तेव्हा पाठीवर १० ऐवजी ३० आकडा आला. २०२३मध्ये मायामीला गेल्यावर पुन्हा १०, पण गुलाबी रंगावर. निष्ठा एका माणसावर असली तरी जर्सी दरवेळी नवी.

साहजिकच मुले वळतात ती पैठण गेट, शहागंज, टीव्ही सेंटर भागातल्या दुकानांकडे आणि हातगाड्यांकडे. तिथे तीच जर्सी अडीचशे-तीनशेपासून मिळते. जरा बरे कापड, बरी शिलाई असेल तर सहाशे ते हजार. या बाजाराची स्वतःची प्रतवारी आहे: साधी कॉपी, ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर’ आणि सर्वांत वर ‘थायलंड क्वालिटी’. माल बहुतेक तिरुपूर, लुधियाना अशा होजियरीच्या गावांतून येतो. थायलंडशी त्याचा संबंध लेबलापुरताच असण्याची शक्यता अधिक. तंत्र सोपे आहे. नक्षी आधी कागदावर छापायची आणि उष्णतेने ती पॉलिएस्टरच्या धाग्यात उतरवायची. सुती कापडावर ही शाई नीट बसत नाही, म्हणून जर्सी कायम पॉलिएस्टरची, अस्सल काय आणि नक्कल काय. मे महिन्यातल्या दुपारी दोन्ही सारख्याच चिकटतात.

कायद्याचे म्हणाल तर १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटी खूण लावणाऱ्याला आणि असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. रोख बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे, स्वतःसाठी एक जर्सी घेणाऱ्या बापावर नाही. तरी धाड पडते तेव्हा सापडतो तो गाडीवाला.

या शहराला नकलेचे वावडे असायचे कारण नाही. इथले हिमरू हे मुळात कोणाची तरी छबीच. सोन्या-रुप्याच्या जरीचे किनखाब श्रीमंतांना परवडे. तसेच दिसणारे, पण सुती ताण्यावर रेशमी धाग्यांनी विणलेले कापड म्हणजे हिमरू. ‘सारखे दिसणारे’ या अर्थाच्या फारसी शब्दावरून त्याचे नाव पडल्याचे सांगतात. तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर इथे आले अशी परंपरा आहे. पुढे ही छबीच एवढी नावाजली की आता तिचीही यंत्रमागावर नक्कल होते. तिकडे पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी घरोघरी लग्नात दिसते ती ‘सेमी पैठणी’च, आणि ती नेसणारीला कोणी खोटी म्हणत नाही. प्रसंग महत्त्वाचा, हे सगळ्यांना कळते.

मुलांच्या जगात मात्र ही उदारता नाही. टर्फवर नवी जर्सी दिसली की पहिला प्रश्न, ‘ओरिजिनल है क्या?’ आणि मुले याबाबतीत जवाहिऱ्यासारखी वागतात. बिल्ला भरतकाम केलेला आहे की उष्णतेने चिकटवलेला, आतल्या लेबलावरचा क्रमांक मोबाइलवर शोधला तर तीच जर्सी येते की दुसरीच, शिवणीतून धागे लोंबतात का, सगळे तपासले जाते. ज्याच्याकडे अस्सल नाही तो आधीच सांगून टाकतो, ‘कॉपीच आहे.’ कोणी विचारायच्या आत सांगितले की बोच कमी होते, हे त्याला अकराव्या-बाराव्या वर्षी कळलेले असते. आईबापांना यातले बरेचसे ठाऊकच नसते. त्यांनी तीनशे रुपयांत मुलाची हौस पुरवलेली असते आणि पोराने हसून घातलेलीही असते.

कोल्हापुरात हे कोडे काही अंशी सुटलेले दिसते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथल्या पोराला माद्रिदच्या आधी पाठ होतात. शाहू स्टेडियम भरते ते पेठांच्या सामन्यांना. पेठेतल्या मंडळाचा टी-शर्ट गावातलाच छपाईवाला करून देतो. त्यावर स्थानिक दुकानदाराचे नाव असते आणि तो अस्सल की नक्कल हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण मंडळ म्हणेल तो अस्सल. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. अर्थात विश्वचषकाच्या दिवसांत तिथल्या चौकांतही मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे कटआउट उभे राहतात आणि पोरांना त्याही जर्सी हव्या असतात. फरक एवढाच की अंगावर घालायला दुसरेही काही असते. त्याच २०१७ साली १५ सप्टेंबरला राज्य शासनाने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला. चेंडू वाटणे सोपे. क्लब वाटता येत नाहीत, ते उभे राहायला पेठ लागते.

कंपन्या मनात आणतील तर स्वस्त देऊ शकतात, हे त्यांनीच आपल्या देशात दाखवले आहे. २०२३मध्ये आदिदासने भारतीय क्रिकेट संघाची जर्सी आणली ती तीन दरांत: सामन्यातली ४,९९९, तिच्यासारखी २,९९९ आणि साध्या चाहत्यासाठी ९९९ रुपये. तीच कंपनी आणि तेच तीन पट्टे. क्रिकेटचा चाहता इथला आहे, त्याला नऊशे नव्याण्णवला दिली नाही तर तो गाडीवरून घेईल, हे तिला बरोबर ठाऊक होते. युरोपीय क्लबांच्या लेखी मात्र इथला चाहता समाजमाध्यमांवरच्या कोटींच्या आकड्यात मोजला जातो, दर ठरवताना नाही. एका साध्या, अधिकृत, हजाराच्या आतल्या मुलांच्या जर्सीला त्यांचे काय अडते? युरोपातल्या दुकानात ती परत येईल ही भीती असेल, तर इथल्यासाठी वेगळी नक्षी काढता येते.

तोवर घरोघरी चालतो तो जुना उपाय. युरोपात नवी जर्सी उन्हाळ्यात येते, गेल्या मोसमातल्या मालाचा भाव पडतो आणि उरलेला माल दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये निम्म्या किमतीला दिसू लागतो. अडीच हजारांच्या खाली आला की करही पाच टक्क्यांचा. बोनस झालेला असतो, मुलाला सहामाहीत बरे गुण पडलेले असतात. दोन वर्षे पुरावी म्हणून एक माप मोठीच मागवायचे ठरते. मात्र शिल्लक असतात ती मापे दोनच, सहा वर्षांच्या मुलाचे आणि डबल एक्सएल.