पदवी मानवशास्त्राची, हप्ता बँकेचा

इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला शिकायला गेल्या त्या उसन्या पैशांवर. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. बायकांच्या शिक्षणासाठी हयात घालवलेला माणूस, पण सुनेनं जर्मनीला जावं हे काही त्यांना पसंत नव्हतं. पैसे दिले जीवराज मेहतांनी, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले त्यांनी. १९३० मध्ये बाईंनी मानवशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. आणि मग? मग १९३१ ते १९३६ मुंबईच्या एसएनडीटीत कुलसचिवाचं, म्हणजे कचेरीचं काम. डेक्कन कॉलेजात प्रपाठकाची जागा मिळाली ती १९३९ मध्ये. महाराष्ट्रात या विषयातलं सगळ्यांत मोठं नाव ज्यांचं, त्यांनाही पदवी आणि हक्काची खुर्ची यांच्यामध्ये नऊ वर्षं काढावी लागली.

साताऱ्यात किंवा सांगलीत एखाद्या पोरीनं मानवशास्त्राचं नाव काढलं, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘ते शिकून मिळणार किती?’ माझ्या मते विचारायला हवं ते ‘मिळणार कधी?’ या विषयात पैसा अजिबात नाही असं नाही. तो उशिरा येतो, आडवाटेनं येतो आणि महिन्याच्या ठरावीक तारखेला येईल याचा भरवसा नसतो. कर्जाचा हप्ता मात्र तारीख चुकवत नाही.

उशिरा येणारा पैसा कृष्णाकाठच्या माणसाला नवा नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. पण सोसायटीचं पीककर्ज त्या उसाच्या बेतानं दिलेलं असतं आणि कारखान्याच्या बिलातूनच कापून जातं. शैक्षणिक कर्जाला असं थांबणं ठाऊक नाही. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्ष सवड, की हप्ता सुरू. नोकरी लागली का, हे बँक विचारत नाही.

आता आकडे मांडू. जवळचा रस्ता पुण्याचा. तिथल्या विद्यापीठातला मानवशास्त्र विभाग इरावतीबाईंनीच सुरू केलेला. तिथं एम.ए. करायचं तर फीपेक्षा खोली आणि मेसचा खर्चच भारी पडतो. महिन्याला दहा हजार धरले तरी दोन वर्षांचे २ लाख ४० हजार. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेत तारण लागत नाही, स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. एवढीच रक्कम १० टक्क्यांनी घेतली आणि शिकत असताना महिन्याचं दोनेक हजार व्याज घरच्यांनी भरत ठेवलं, तर पुढं पाच वर्षांसाठी हप्ता बसतो सुमारे ५,१०० रुपयांचा. एखाद्या संस्थेत सर्वेक्षणाचं काम करणारी मुलगीही तो फेडू शकेल.

दुसरा रस्ता परदेशाचा, आणि गणित बिघडतं ते तिथं. समजा एका वर्षाच्या एम.ए.साठी ३० लाख काढले. शिकण्याचं एक वर्ष आणि सवडीचं एक, या दोन वर्षांत १० टक्क्यांनी सहा लाख व्याज चढतं. मग ३६ लाखांवर दहा वर्षांचा हप्ता होतो सुमारे ४७,५०० रुपयांचा. शेजारी हे ठेवून पाहा: नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ मिळवलेल्या संशोधकाला २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००, आणि ती जागा लागेपर्यंत तासिका तत्त्वावर किती वर्षं जातात हे आपल्याकडच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये कळेल. तिकडेच राहून फेडू म्हणावं, तर अमेरिकेत शिक्षणानंतर काम करायला मुभा मिळते एक वर्षाची. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना ती आणखी दोन वर्षं वाढवून मिळते, पण सर्वसाधारण मानवशास्त्राची पदवी त्या यादीत नाही.

मोठ्या कर्जाला तारण आलं, आणि खरा कस लागतो तो बँकेच्या टेबलापाशी. बाप सातबारा घेऊन जातो. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा राजी नसतात. मग घर. घर गावठाणात, उतारा ग्रामपंचायतीचा, त्यावर अजून आजोबांचंच नाव. वाटणी तोंडी झालेली. म्हणजे दोन चुलते आणि लग्न होऊन गेलेल्या आत्या, सगळ्यांच्या सह्या हव्यात. पुतणीच्या परदेशी शिक्षणासाठी घर गहाण पडणार म्हटल्यावर भाऊबंदकीत काय काय निघतं, तो खरं तर मानवशास्त्राच्याच अभ्यासाचा ऐवज. हे सगळं टाळायचं म्हणून लोक बिनतारणी कर्ज देणाऱ्या खासगी वित्तसंस्थांकडे जातात, आणि तिथं व्याज चढं असतं.

शिष्यवृत्तीची वाट आहे, पण अरुंद. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा, प्रामुख्यानं अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी. २०२२ मध्ये तिच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे जतच्या पोरानं परदेशी जाऊन जतच्याच दुष्काळावर आणि स्थलांतरावर संशोधन करायचं म्हटलं तर या पैशांवर ते होणार नाही. ज्या मुलांना आपल्या समाजाबद्दल बोलायचं आहे नेमकी त्यांचीच वाट अडवणारा हा नियम मला अजून पटलेला नाही.

मग कमाईच्या जागा कुठल्या? भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण १९४५ पासून आहे. मुख्यालय कोलकात्यात, एक केंद्र नागपुरात, जागा मोजक्या. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. बाकीचं बरंचसं काम प्रकल्पापुरतं. गेल ऑमव्हेट यांनी बर्कलीहून डॉक्टरेट घेतली ती समाजशास्त्राची, पण वाट शेजारचीच. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात त्या कायमच्या राहिल्या, आणि लेखनाबरोबर आंतरराष्ट्रीय संस्थांसाठी सल्लागाराची कामंही केली. काम आलं की पैसा, नाही तर नाही.

या विषयाची गरज कुणाला असते, हे साताऱ्याला सांगायला नको. कोयना धरणानं उठवलेल्या माणसांची पाहणी इरावतीबाई आणि त्यांच्या कन्या, फलटणच्या लेखिका जाई निंबकर यांनी केली. १९६९ मध्ये ती डेक्कन कॉलेजनं छापली. पाटण, जावळीची माणसं तेव्हा उठून गेली होती, पाहणी नंतरची. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं हा क्रम उलटा केला: आधी सामाजिक परिणामांचं मूल्यांकन, मग जमीन. गावात राहून कुणाचं काय जाणार हे मोजायचं, म्हणजे मानवशास्त्राच्या पदवीधराचं हक्काचं पगारी काम. पण राष्ट्रीय महामार्गांना ते कलम मुळातच लागू नव्हतं, आणि २०१८ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती करून इतरही बऱ्याच प्रकल्पांना सूट देण्याची सोय करून ठेवली. या पदवीची बाजारातली किंमत अशी मंत्रालयातही ठरते.

राहता राहिली स्पर्धा परीक्षा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाला १,७५० पैकी ५०० गुण, आणि मानवशास्त्राचा अभ्यासक्रम आटोपशीर म्हणून तो घेणारे पुष्कळ. त्यासाठी पदवी मानवशास्त्रातली असावी लागत नाही. सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहून हा विषय पाठ करणाऱ्यांत इंजिनीअरही असतात. तिथं दरमहा घरून येणारे पैसे आणि हातून जाणारी वर्षं कुठल्याच बँकेच्या खात्यावर कर्ज म्हणून लागत नाहीत. बापाच्या सोनेतारणाच्या पावत्या जोडून पाहिल्या, तर ती रक्कम पुण्याच्या एम.ए.च्या खर्चापुढे सहज जाते.