कोंबडीची पाणथरी

बकऱ्याची पाणथरी खामगावच्या बाजारात मटण घेणाऱ्या कुणालाही ओळखता येते. चपटी, तिकोनी, जांभळट. खाटीक तिला तिल्ली म्हणतात. कोंबडीलाही पाणथरी असते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. कलेजी-पेटा वेगळा काढताना ती आतड्यांबरोबर फेकली जाते. गोल, तपकिरी-लाल, जेमतेम दोन सेंटिमीटरची.

मी पशुवैद्यक. शिकलो नागपूरला, नोकरी बहुतेक मोताळा, चिखली, मेहकर या पट्ट्यात झाली. "डाक्टरसाहेब, कोंबड्या माना टाकून राह्यल्या," असा निरोप आला की मेलेल्यांपैकी एक चिरून बघायची. तेव्हा माझी नजर आधी जठर आणि पेटा जुळतात तिथं, उजव्या अंगाला जाते. पाणथरी सुजली आहे का? पांढरे ठिपके, गाठी आहेत का? मानमोडी या रोगाचं निदान एकट्या पाणथरीवरून होत नाही. जठराच्या आतले रक्ताचे ठिपके बघावे लागतात, आणि खात्री प्रयोगशाळेतच होते. पण शरीर कशाशी तरी झुंजत होतं का, ते इथं दिसतं.

आपल्या पायात काटा मोडून पिकलं की जांघेत अवधाण येतं. गाई-शेळ्यांनाही अशा लसिका ग्रंथी अंगभर असतात आणि रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथं तयारीत बसलेल्या असतात. कोंबडीला या गाठीच नाहीत. बदकांत दोन जोड्या सापडतात, त्याही अर्ध्याकच्च्या. कोंबडीच्या आतड्यात, डोळ्यामागे अशा पेशींचे पुंजके आहेत खरे, पण रक्तात शिरलेल्या जंतूला गाठायचं काम मुख्यतः या छोट्या गोळीवर येतं.

सूक्ष्मदर्शकाखाली बकऱ्याच्या आणि कोंबडीच्या, दोन्ही पाणथरींत लाल आणि पांढरा असे दोन भाग असतात. लाल भागात म्हाताऱ्या रक्तपेशी मोडीत निघतात, पांढऱ्यात प्रतिकाराच्या पेशी राहतात. सस्तन प्राण्यांत पांढरे पुंजके उठून दिसतात: धमनीभोवती टी-पेशी, शेजारी बी-पेशींचे गोळे आणि अनेकांत त्यांच्या कडेनं जंतू टिपणारा एक पट्टा. कोंबडीत हा पट्टा नाही, लाल-पांढऱ्याची हद्दही पुसट. तिथं बारीक केशवाहिन्यांवर जाड म्यान चढलेलं असतं, त्याभोवती बी-पेशी आणि जंतू गिळणाऱ्या पेशींचं कडं. रक्त त्यातून गाळून जातं. अशी म्यानं काही सस्तन प्राण्यांतही आढळतात, पण पक्ष्यांत त्यांचा कारभार मोठा.

घोड्याच्या, मेंढीच्या पाणथरीला स्नायूंचं आवरण असतं. घोडा दौडला की ती आवळते आणि साठवलेलं रक्त अंगात सोडते. कोंबडीचं आवरण पातळ, रक्ताचा साठा नगण्य. मोठ्या जनावरांच्या बाबतीत एक बजावून सांगतो: फाशी रोगात पाणथरी कित्येक पटींनी फुगते, काळी पडते, पण ते बघायला जनावर कधीच चिरायचं नाही. अचानक मेलेल्या गुराच्या नाकातोंडातून न गोठणारं काळं रक्त येत असेल, तर हात न लावता पशुवैद्यकाला बोलवा.

पेशींतला फरक शेतकऱ्यालाही दिसतो. बैलाच्या गळवातून पातळ पू वाहतो. कोंबडीच्या तळपायाची गाठ कापली तर आत खव्यासारखा घट्ट, कोरडा गोळा निघतो. आपल्या न्यूट्रोफिल पेशींच्या जागी पक्ष्यांत हेटेरोफिल असतात, आणि ऊती विरघळवून पू पातळ करणारी रसायनं त्यांच्यात कमी. पक्ष्यांच्या लाल रक्तपेशींना केंद्रकही असतं, आपल्या लाल पेशींना नसतं.

पाणथरीतल्या बी-पेशी येतात कुठून? सस्तन प्राण्यांत मुख्यतः हाडांच्या मगजातून. कोंबडीत त्या तयार होतात गुदद्वाराच्या वरच्या एका पिशवीत, बर्सामध्ये. इटलीतल्या पादुआच्या फॅब्रिसियसनं तिचं वर्णन केलं, ते त्याच्या मरणानंतर 1621 मध्ये छापलं गेलं. तिचं काम कळायला आणखी तीन शतकं लागली. अमेरिकेतल्या ब्रूस ग्लिकनं पिल्लांची बर्सा काढून टाकली होती. टिमोथी चँग या सहकाऱ्यानं वर्गात दाखवायला त्याच्याकडच्या कोंबड्या नेल्या, त्यांना साल्मोनेला टोचला, तर बर्सा काढलेल्यांत बी-पेशींनी बनवायची प्रतिपिंडंच तयार होईनात. मोठ्या नियतकालिकानं शोधनिबंध नाकारला. 1956 मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापला गेला. कोंबड्यांचं मासिक म्हणून कुणी फारसं वाचलं नसावं, असं मला वाटतं.

गंबोरो रोगाचा विषाणू नेमका याच पिशवीवर तुटून पडतो, बहुधा तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत. पिल्लू लहानपणीच त्यात सापडलं, तर जगूनही त्याच्याकडे पुरेशा बी-पेशी उरत नाहीत. मग मानमोडीची लस देऊनही ती नीट लागत नाही, आणि शेतकरी म्हणतो, लसच खोटी होती. गंबोरोच्या लसीची वेळही नाजूक. वासराला आईची प्रतिपिंडं चिकातून मिळतात, पिल्लाला अंड्यातल्या बलकातून. ती भरपूर असताना लस दिली तर ती लसीलाच मारतात. म्हणून सहसा दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास ही लस देतात. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं क्लोरीनचं पाणी टाळा, दूध पावडर मिसळा आणि पिल्लांना त्याआधी तासभर तहानलेलं ठेवा.