जॅग्वारच्या टाकीत ऊस

दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपती घराण्याची मेबॅक निघते तेव्हा बघ्यांच्या माना उंच होतात. ती जर्मन. इंग्रज मोटारींत तसा थाट कुणाचा, असे विचाराल तर मी डोळे झाकून जॅग्वार ई-टाइपचे नाव घेईन. मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती आली. लांबलचक नाक, ताशी 150 मैलांचा दावा आणि किंमत अ‍ॅस्टन मार्टिनच्या निम्म्याच्या आसपास. फेरफटका मारायला इतकी झुंबड उडाली की कंपनीचा चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस दुसरी गाडी कॉव्हेंट्रीहून रातोरात हाकत घेऊन गेला. ग्रँड टूरर म्हणतात ते याला: लांबचा पल्ला, भन्नाट वेग आणि उतरताना शर्टाची इस्त्री शाबूत.

अशी गाडी आज नव्याने उभी करायची तर लोक आधी रंग आणि चामड्याचा विचार करतात. जाणकार मिस्त्री आधी खालच्या बंद पेट्या ठोकून बघतो, कारण त्यांचा पत्रा आतून सडतो आणि वरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो. पण पत्रा कापून जोडता येतो. इंजिनचे बोअरिंग, होनिंग तर कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या हातचा मळ. खरी गोम पेट्रोलमध्ये आहे, आणि तिचे धागेदोरे वारणानगरच्या उसाच्या पट्ट्यापर्यंत येतात.

आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही उसाचे. मळी किंवा रस यीस्टने आंबवायचा, मग ऊर्ध्वपातन करायचे. मात्र साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल 95-96 टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही. उरलेले पाणी त्याला सोडतच नाही. ते काढायला झिओलाइटच्या दाण्यांतून वाफ न्यावी लागते. त्यांची छिद्रे इतकी बारीक, की पाण्याचा रेणू आत अडकतो आणि इथेनॉलचा पुढे निघून जातो. एवढ्या खटाटोपाने कोरडे केलेले इथेनॉल गाडीच्या टाकीत हवेतला ओलावा पुन्हा शोषू लागते. आषाढात वारणेच्या खोऱ्यात गाडी महिनाभर झाकून ठेवा; प्रमाणाबाहेर पाणी झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फारकत घेतात व तळाशी बसतात. ई-टाइपच्या टाकीला तळाशी एक खोलगट वाटी आहे आणि इंधन तिथूनच उचलले जाते. सुरुवातीच्या 3.8 लिटरच्या गाड्यांत तर विजेचा पंपच टाकीच्या पोटात, इंधनात बुडवलेला. म्हणजे पहिला घोट पाण्याचाच.

आता कार्बोरेटर. या गाडीला एसयू एचडी8 जातीचे तीन. इंजिन जितकी हवा ओढेल तितका आतला पिस्टन वर उचलला जातो आणि त्याला टोचलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते. सुई वर जाईल तशी फट मोठी, पेट्रोल जास्त. यात ना सेन्सर, ना संगणक. सगळी अक्कल त्या सुईच्या उतारात. ती घासली गेली निव्वळ पेट्रोलच्या हिशेबाने: एक किलोला साधारण 14.7 किलो हवा. इथेनॉलला 9 किलो पुरते, 20 टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे 13.5. जुन्या सुईला हा बदल कळत नाही आणि मिश्रण पातळ होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी अडखळते, व्हॉल्व्ह जास्त तापतात. मिस्त्री स्पार्क प्लग काढून त्याचे नाक बघतो. बदामी असेल तर ठीक. पांढरेफटक असेल तर जेट खाली घ्यायचे किंवा सुईच बदलायची. अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी पडतो, तो मात्र कुठल्याच सुईने परत येत नाही. इथेनॉलमध्ये उष्माच कमी.

तरीही इथेनॉलला सरसकट शिव्या घालणे मला पटत नाही. ई-टाइपच्या इंजिनाचा नेहमीचा कॉम्प्रेशन रेशो 9:1. हलके पेट्रोल घातले तर ते ठोके देते, म्हणून त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे असे. भारतात ते 2000 साली बंद झाले. इथेनॉलचा ऑक्टेन 100 च्या वर, त्यामुळे तेच काम ते विषाविना करते. आणि हे इंग्रजांना नवे नव्हते. क्लीव्हलँड डिस्कॉल नावाचे अल्कोहोलमिश्रित पेट्रोल तिथल्या पंपांवर 1920च्या दशकाअखेरीपासून 1960च्या दशकापर्यंत विकले जात होते. ई-टाइप नवी होती तेव्हाही ते मिळत होते.

भांडण आहे ते रबराशी. एचडी8 मध्ये जेट एका पातळ रबरी पडद्याला जोडलेले असते. जुन्या धर्तीचे रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते, मग चिरते. पडदा फाटला की पेट्रोल खाली ठिबकते, आणि आगीचा धोका उभा राहतो. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या होजपाइपांचेही तेच. त्यांना भेगा पडतात त्या आतून, बाहेरून पाइप धडधाकट दिसतो. म्हणून गाडी कितीही ‘ओरिजिनल’ ठेवायची हौस असली तरी इथे मूळ सुट्या भागांचा हट्ट धरू नये. इथेनॉलला दाद न देणाऱ्या फ्लुओरो-रबराचे पडदे आणि पाइप आता मिळतात, दिसायला हुबेहूब जुन्यासारखे. रंगाच्या एका हाताच्या मानाने त्यांचा खर्च किरकोळ. ते बसवावेत, टाकी आतून साफ करून घ्यावी, आणि पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर टाकीतले पेट्रोल सरळ काढून रोजच्या स्कूटरमध्ये ओतावे.