पंखा काढला, तरी होडी सुसाट!

अलास्कातल्या नद्या कशा असतात, माहितीये? गारेगार, खळाळत्या आणि कितीतरी ठिकाणी जेमतेम घोटाभर खोल! तळाशी नुसते गोटेच गोटे.

आता गंमत बघ. होडीच्या मागच्या फळीवर जी मोटर टांगतात ना, ती आउटबोर्ड मोटर. तिचा लांब पाय पाण्यात असतो आणि पायाच्या टोकाला पंखा. म्हणजे पंखा होडीच्या तळापेक्षाही खाली! गोटा आला की खडाक! पातं वाकलंच!

मग तिथले लोक काय करतात, ओळख बघू?

पायाचा खालचा भागच काढून टाकतात! पंखा, गिअर, सगळं! त्या जागी बसवतात जेट. त्याच्या धातूच्या कवचात असतं इंपेलर, म्हणजे गरगर फिरणारं पात्यांचं चाक. ते खालच्या जाळीतून पाणी आत ओढतं आणि मागच्या तोंडातून जोरात बाहेर फेकतं. मोठे गोटे जाळीबाहेरच!

पण नुसत्या पाण्याच्या झोताने होडी पळते कशी? बागेतला पाइप हातात धर आणि नळ पूर्ण सोड. पाइप हाताला मागे ढकलतो ना? पाणी एकीकडे, धक्का दुसरीकडे! इथे झोत मागे जातो आणि धक्का होडीला पुढे नेतो.

आणि हो, त्यासाठी झोत पाण्यात सोडावा लागतच नाही! न्यूझीलंडचे बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात उथळ नद्यांसाठी जेटबोट बनवली. आधी झोत होडीखाली, पाण्यात सुटायचा. तो पाण्याच्या जरा वर, हवेत सोडला, तर होडी आणखी छान पळाली!

गिअर नाही, मग मागे कसं जायचं? झोतासमोर एक झडप येते. पाइपच्या तोंडाशी तळहात धरला की पाणी उलटं आपल्याच अंगावर येतं, अगदी तसंच! झोत पुढे वळतो, होडी मागे सरकते.

वळायचं असेल तर अख्खी मोटर वळवायची. पण नळ बंद केला तर पाइप गप्प, हो ना? तसंच इंजिन मंद केलं की झोत संपतो आणि होडी वळतच नाही! समोर खडक दिसला की घाबरून वेग एकदम कमी करायचा नाही, थोडा झोत ठेवूनच वळायचं. मला तर हे फारच भारी वाटतं!

जेट बसवताना उंची मात्र नीट जमवावी लागते. होडीच्या तळाला सरळ पट्टी लावून बघतात. जाळी फार वर राहिली तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. फार खाली गेली तर ती पाण्याला अडते. जेटमुळे मोटरची सुमारे 30 टक्के ताकदही कमी होते बरं का!

पण त्या बदल्यात काय मिळतं? वेगात असताना होडी पाण्याच्या पृष्ठभागावर उचलली जाते. मग वीतभरापेक्षा कमी पाण्यावरूनही ती सर्रकन निघून जाते! फक्त तिथे थांबायचं नाही. थांबलास, की होडी खाली बसलीच गोट्यांवर!