नादाची चाळण

गिरणीतून तांदूळ आला की आमची आजी चाळण घेऊन बसते. अख्खा तांदूळ वर राहतो, कणी आणि कोंडा खाली पडतो. लहानपणी मला वाटे, वरचे तेवढे कामाचे. पण आजी खालचेही टाकत नाही. कणीची पेज होते, कोंडा गुरांना जातो. आमच्या कानडी मैत्रिणी चाळणीला जरडी म्हणतात, पण कणी त्यांच्याकडेही वाया जात नाही. एकाच हलवण्यात दोन माल निघतात, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. ज्या यंत्राविषयी मी लिहिणार आहे, त्याचे सारे मर्म त्यात आहे.

दिवाळीच्या सुट्टीत बेळगावचा माझा मामेभाऊ आमच्याकडे जोयडा तालुक्यात आला, तेव्हा त्याने स्वतः सोल्डर करून जुळवलेली एक पत्र्याची पट्टी बरोबर आणली होती. तिच्यावर तीन-चार बटणे आणि तारा खोचायची भोके. तो म्हणाला, हा मल्टिमोड फिल्टर आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. मला फिल्टर म्हणजे पाण्याचा. मग दोन दिवस त्याच्यामागे लागून जे समजून घेतले, ते इथे मांडते.

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे एकसंध पेटी नव्हे. नाद निर्माण करणारा भाग वेगळा, तो गाळणारा वेगळा, लहानमोठा करणारा वेगळा, आणि वाजवणाऱ्याने ते तारांनी आपल्या मर्जीप्रमाणे जोडायचे. नाद निर्माण करणारा भाग बहुधा करवतीच्या दात्यांसारखी लाट देतो. सेकंदाला १०० कंपनांचा स्वर लावला, तर तिच्यात १०० बरोबर २००, ३००, ४०० असे सारे स्वरांश असतात, क्रमाने क्षीण होत गेलेले. ऐकायला हा आवाज कर्कश, मधमाशी डबीत कोंडल्यासारखा. त्यातून नको ते गाळून हवा तो नाद काढायचा, हे फिल्टरचे काम.

हे काम आपला घसाही करतो. एकच स्वर धरून ‘ऊ’पासून ‘आ’, आणि ‘आ’पासून ‘ई’ असे सावकाश म्हणून पाहा. स्वर तोच राहतो, पण रंग बदलतो. कंठातून निघालेल्या नादातले कोणते अंश पुढे जाऊ द्यायचे, हे जीभ आणि ओठ ठरवतात. आपली बाराखडी निम्मी गाळणीवरच उभी आहे म्हणायची!

आता त्या पट्टीकडे वळू. साधा फिल्टर एकच माल देतो: ठरलेल्या बिंदूच्या खालचे स्वरांश ठेवतो, वरचे अडवतो. मल्टिमोड फिल्टर चारही देतो: खालचे, वरचे, फक्त मधले, आणि मधले वगळून बाकीचे. चाळणीहून फरक इतकाच की इथे सीमा कडक नसते. आमच्या पट्टीत छेदबिंदूच्या पुढे कंपनसंख्या दुप्पट झाली की आवाजाची उंची चौथाई होते. याला १२ डेसिबलचा उतार म्हणतात. मूगच्या प्रसिद्ध फिल्टरचा उतार २४ डेसिबलचा, म्हणजे तिथे ती सोळांश होते.

एकाच जागी चार माल कसे निघतात, हे मला सुपा धरणावरून उमगले. काळी नदीवरचे हे १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पूर्ण झाले. जुने सुपा गाव त्याच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. दहा मिनिटांची सर आली म्हणून जलाशयाची पातळी हलत नाही. सबंध आषाढ कोसळला की हलते. म्हणजे साठवण ही स्वतःच एक गाळणी आहे: भराभर होणारे चढउतार ती गिळते, सावकाश होणारे दाखवते. फिल्टरमध्ये पाण्याऐवजी वीज आणि जलाशयाऐवजी कपॅसिटर असतो. अशा दोन टाक्या एकापुढे एक ठेवलेल्या असतात. दोन्ही टाक्यांतले मागे आणून आत येणाऱ्या नादातून वजा केले, की उरतात ते तीव्र स्वरांश. हा पहिला माल. तेच पहिल्या टाकीत जातात. सावकाश ते आधीच वजा झालेले, भराभर ते टाकी गिळते, म्हणून तिच्यातून मधले निघतात. दुसऱ्या टाकीतून खालचे. वरचे आणि खालचे एकत्र केले की मधले वगळून बाकीचे. सगळा जमाखर्च आहे! आणि पहिल्या टाकीतून मागे येणारा भाग म्हणजे लगाम. तो सैल केला की छेदबिंदूजवळचा अंश फुगतो आणि आवाज गुंजू लागतो. पार सोडला तर काही फिल्टर आपणहून शीळ घालतात, संमेलनात माइक घालतो तशी.

ही रचना १९६७ साली कर्विन, ह्यूल्समन आणि न्यूकम या तिघांनी मांडली. टॉम ओबरहाइम यांनी १९७४ च्या आपल्या छोट्या सिंथेसायझरमध्ये ती वापरली आणि तिथून ती वादकांच्या हाती आली. रॉबर्ट मूग यांचे मोठे काम त्याआधीचे. बटण हाताने फिरवण्याऐवजी विजेच्या दाबाने फिरावे, एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर, ही शिस्त त्यांनी लावली. त्यामुळे एक भाग दुसऱ्याला हुकूम देऊ लागला.

मूगचे असे कपाटाएवढे यंत्र आपल्याकडे १९६९ सालीच आले होते, आणि तेही मुंबईत नव्हे, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे ते उभारून दिले. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केले. १९७२ पर्यंतच्या त्या फिती पुढे कपाटात पडून राहिल्या आणि २०२३ साली त्यांची निवड प्रसिद्ध झाली. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग सिंथेसायझरवर वाजवून ध्वनिमुद्रिका काढली, तीही वीस वर्षे कुणाला आठवत नव्हती. आपल्याकडे नवे करणाऱ्याला कौतुकासाठी फार थांबावे लागते, असे माझे मत झाले आहे.

पण मला हे सारे लिहावेसे वाटले ते आजोबांमुळे. मामेभाऊ खालचे स्वरांश ठेवून छेदबिंदू हळूहळू वर नेत होता. आवाज आधी घुमा, मग मोकळा, मग धारदार होत गेला. आजोबा मान हलवत होते. एका जागेनंतर ते म्हणाले, “आता का थांबलास? फिरव की!” तो तर फिरवतच होता. आम्हाला धार वाढलेली कळत होती, त्यांना काहीच नाही. दोनदा करून पाहिले, तीच जागा.

वयाबरोबर आधी तीव्र स्वरांशच ऐकू येईनासे होतात. स्वरांचे बळ खालच्या भागात असते, पण ‘स’चा सीत्कार बहुतांशी ४००० कंपनांच्या वरचा. म्हणजे आजोबांच्या कानांत ‘सात’मधला ‘स’ गळून जातो आणि उरतो तो ‘आठ’सारखा ऐकू येतो. गणपतीच्या आधी त्यांची सातची बस अशीच चुकली होती आणि घरात सर्वांनी त्यांनाच बोल लावला होता, मीसुद्धा. ऐकून न ऐकल्यासारखे करतात, असे आम्ही म्हणायचो. आम्ही ओरडत होतो, म्हणजे जे त्यांना ऐकू येतच होते तेच आणखी मोठे करत होतो.

कानांच्या डॉक्टरांकडे तपासणीला त्यांना पुढच्या महिन्यात न्यायचे आहे. तोवर बसची वेळ मी त्यांना कानडीत सांगते. बाजारापुरते कानडी त्यांना येते, आणि ‘एळु’ व ‘एंटु’ यांत ‘स’ कुठेच नाही.