पाळीची कळ आणि सुंठीची परीक्षा

मागच्या भागात वनस्पतीचा अर्क कसा काढतात ते पाहिले. आता तो खऱ्या दुखण्यावर, म्हणजे पाळीच्या कळेवर, किती चालतो, ते पाहू.

पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारे द्रव्य असते, हे व्ही. आर. पिकल्स या ब्रिटिश संशोधकाने १९५७ साली दाखवले. पुढे त्याची ओळख पटली: प्रोस्टाग्लँडिन. ते गर्भाशयाच्या अस्तरातून सुटते, गर्भाशय जोराने आवळते, तिथला रक्तपुरवठा कमी पडतो आणि ओटीपोटात कळ येते. ‘एवढंसं तर दुखतंय’ म्हणून मुलींना गप्प करणाऱ्या घरांनी हे जरूर वाचावे. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यालाच आळा घालतात.

अर्काची पहिली परीक्षा प्रयोगशाळेत होते. उंदराच्या मादीच्या गर्भाशयाची पट्टी कोमट क्षारद्रावणात टांगतात, ऑक्सिटोसिन घालून ती आखडवतात आणि मग अर्क सोडतात. पट्टी सैल पडली तर आशा वाटते. पण पोटात घेतलेल्या पुडीतले किती द्रव्य पचनातून, यकृतातून पार होऊन गर्भाशयापर्यंत पोचेल, हे ती पट्टी सांगू शकत नाही.

म्हणून खरी परीक्षा माणसावरच.

आपल्याकडे पाळीत सुंठ, ओवा, बाळंतशेपा देण्याची रीत जुनी आहे. त्यातल्या सुंठीवर इराणमध्ये चांगले काम झाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५० विद्यार्थिनींचे तीन गट केले. एकाला आल्याची पूड, दुसऱ्याला मेफेनॅमिक ॲसिड, तिसऱ्याला आयबुप्रोफेन. तिन्ही गटांना सारखाच आराम पडला. निकाल सुखद, पण त्यात एक उणीव होती: औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच कॅप्सूल कुणालाच दिली नव्हती. पाळीचे दुखणे दर महिन्याला कमीजास्त होते आणि औषध घेतल्याच्या विश्वासानेही बरे वाटते. मग गुण कशाचा म्हणायचा?

ती उणीव २०१२ च्या एका अभ्यासाने भरून काढली. १२० विद्यार्थिनींपैकी काहींना दिवसातून तीनदा ५०० मिलिग्रॅम आल्याची पूड, इतरांना तशीच औषध नसलेली कॅप्सूल. पूड घेणाऱ्यांचे दुखणे कमी झाले. पाळीच्या दोन दिवस आधीपासून घेतल्यास ते कमी काळ टिकले. पाळी आल्यावर सुरू केल्यास कालावधीत ठळक फरक पडला नाही.

तरीही वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्याने आले, मेथी यांसारख्या उपायांच्या बाजूचा पुरावा कमी प्रतीचाच ठरवला. अभ्यास लहान, पद्धती कच्च्या. हा निवाडा रास्त आहे: सुंठ आश्वासक आहे, सिद्ध नाही.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर सुंठीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. आणि दर महिन्याला शाळा-कॉलेज बुडत असेल, गोळीनेही कळ थांबत नसेल किंवा दुखणे वर्षागणिक वाढत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. एंडोमेट्रिओसिससारखा आजार नाही ना, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.