‘माझा बंधू’ म्हणणारी कोण?

शिरवळला नीरेकाठच्या आमच्या घरी आजी पहाटे जात्यावर बसे आणि ‘माझ्या बंधवा’ला ओवी गाई. गंमत अशी, की तिला भाऊ नव्हताच! ओवी आईकडून आलेली. तिच्यातला ‘माझा’देखील तिकडूनच आला. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या खेडोपाडी हिंडून जमविल्या.

आता पाहा. नकलेने माणसामाणसांत पसरणाऱ्या गाण्याला, समजुतीला, चालीरीतीला रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली ‘मीम’ हे नाव दिले. सुझन ब्लॅकमोर १९९९ मध्ये पुढे गेल्या: ‘मी’ हादेखील मीमांचाच जुडगा, एक भास. नुसत्या मतासाठी कोण भांडतो? ‘माझे मत’ म्हटले की तुम्हीआम्ही हमरीतुमरीवर येतो, आणि मत टिकते. आत धनी असा कोणी नाहीच.

अर्धे मला पटते. वर्गात मी ‘माझे’ म्हणून जे सांगतो त्यातले माझे किती, देव जाणे! पण दळून खांदा भरून येई, तो शीण आजीला कोणी शिकवला नव्हता. तो जाणणारे कोणी आत होतेच ना?

इथेच थांबलो असतो. पण एक आठवते. बंधवाच्या त्या ओवीला तिचे डोळे खरोखर भरून येत.